मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा दोन

भिवंडी तालुक्यातील दापोडे गावापासून सहारचा विमानतळ सरळ रेषेत मोजला, तर सुमारे २५ किलोमीटर अंतरावर आहे. पण दापोड्याच्या गोदामातून माल भरून निघालेल्या टेंपोच्या चालकाला हा आकडा सांगून काही उपयोग नाही. तो आधी विचारील, "निघायचे किती वाजता?" पहाटे चारला निघाला, तर तो फारशी खोळंबा न होता पोचेल. सायंकाळी सहाला निघाला, तर किती वेळ लागेल हे छातीठोकपणे कोणीच सांगणार नाही. शिवाय रस्ता सरळ रेषेत जात नाही. वाटेत खाडी आहे, येऊरच्या डोंगरांची रांग आहे, त्यांना वळसा घालावा लागतो. अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या चालकाला कोणी शिकवावे लागत नाही.

विमानाच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो. आकाशात ना खाडी, ना डोंगर, ना चौकातला सिग्नल. तेव्हा अंतराला वेगाने भागले की वेळ निघाली, असे आपण धरून चालतो. परीक्षेतल्या उदाहरणात ते खरे असते. पण मुंबई-लंडन विमानांचे वेळापत्रक हाती घेऊन पाहा. जाताना दहा तासांच्या आसपास लागतात, तर येताना त्याहून जवळजवळ तासभर कमी. विमान त्याच जातीचे, विमानतळ तेच, अंतर तेच. मग हा तास गेला कुठे?

या तासाचा शोध घ्यायचा, तर आधी अंतर म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे.

दोरा आणि पृथ्वीगोल

शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा भूगोलाच्या शिक्षकांच्या कपाटात पृथ्वीचा गोल असतोच. त्यावर धूळ असेल, ती पुसून घ्या. एक शिवणाचा दोरा घेऊन त्याचे एक टोक मुंबईवर बोटाने दाबून धरा आणि दुसरे टोक न्यू यॉर्कवर आणून दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. आता त्या दोऱ्याखाली कोणते प्रदेश येतात ते पाहा. दोरा मुंबईहून पश्चिमेला न जाता वायव्येला, उत्तरेकडे बराच कललेला असा चढत जातो. तो रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, नॉर्वेच्या बाजूच्या समुद्रावरून आणि आइसलँडवरून जातो. मग ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ स्पर्श करून तो कॅनडामार्गे न्यू यॉर्कला उतरतो. वाटेत तो जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोचतो. मुंबई १९ अंशांवर आणि न्यू यॉर्क साडेचाळीस अंशांच्या थोडे पलीकडे. म्हणजे दोन्ही गावांच्या कितीतरी उत्तरेकडून ही जवळची वाट जाते!

आता वर्गाच्या भिंतीवरचा मर्केटर पद्धतीचा नकाशा घ्या आणि त्यावर पट्टीने मुंबई-न्यू यॉर्क सरळ रेषा ओढा. ही रेषा अरबस्तान, इजिप्त आणि सहाराच्या वाळवंटावरून मोरोक्कोला जाते आणि तिथून अटलांटिक महासागर ओलांडते. नकाशावर ती सरळ दिसते म्हणून तीच जवळची, असे वाटते. गणित केले, तर ही वाट सुमारे १४,२०० किलोमीटर भरते आणि दोऱ्याची वाट सुमारे १२,५३० किलोमीटर. पट्टीवर विश्वास ठेवला, तर पावणेसतराशे किलोमीटरांचा, म्हणजे जवळजवळ दोन तासांचा भुर्दंड बसेल.

असे का होते? पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट. संत्र्याची साल सपाट करताना ती कुठेतरी फाटते किंवा ताणावी लागते. मर्केटरच्या नकाशात ध्रुवांकडचे प्रदेश आडवे-उभे ताणलेले असतात, म्हणून तिथली लहान अंतरे मोठी दिसतात. गोलावर दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट नेहमी अशा वर्तुळावर असते, ज्याचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच आहे. अशा वर्तुळाला 'बृहद्‌वृत्त' म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्‌वृत्त आहे, प्रत्येक रेखावृत्ताची जोडीही बृहद्‌वृत्तच बनवते, पण मुंबईवरून जाणारे १९ अंशांचे अक्षवृत्त मात्र नाही. कलिंगड मधोमध कापले की जी कड दिसते ती बृहद्‌वृत्त. टोकाकडून चकती कापली, तर तिची कड लहान.

गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल, तर त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर होतो आणि तो पृथ्वीच्या सुमारे ४०,००० किलोमीटर परिघाचे काम करतो. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर सुमारे ४२५ किलोमीटर. मुंबई-लंडन दोरा सुमारे १७ सेंटिमीटर भरेल. गुणून पाहा, ७,२०० किलोमीटरांच्या आसपास उत्तर येते. एका दोऱ्याने एवढे अचूक उत्तर मिळावे, याचे मला दर वर्षी नव्याने कौतुक वाटते.

दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना हेच गणिताने करता येईल. दोन गावांना पृथ्वीच्या केंद्राशी जोडणाऱ्या दोन त्रिज्यांमधला कोन काढायचा. त्या कोनाचे कोसाइन मिळवण्यासाठी दोन गुणाकारांची बेरीज करावी लागते. पहिला गुणाकार दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा. दुसरा गुणाकार दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांचा आणि रेखांशांमधल्या फरकाच्या कोसाइनचा. मुंबईचा विमानतळ १९.१ अंश उत्तर अक्षांशावर आणि लंडनचा हीथ्रो ५१.५ अंशांवर आहे. मुंबईचे रेखांश ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व, हीथ्रोचे सुमारे २७ मिनिटे पश्चिम, म्हणून फरक ७३.३ अंश. पहिला गुणाकार ०.३२७ × ०.७८३ म्हणजे ०.२५६. दुसरा गुणाकार ०.९४५ × ०.६२३ × ०.२८७ म्हणजे ०.१६९. बेरीज ०.४२५. ज्याचे कोसाइन ०.४२५ तो कोन सुमारे ६४.८ अंशांचा. बृहद्‌वृत्तावरचा एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. तेव्हा अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर. आपण पुढे सोयीसाठी ७,२०० धरू.

विमान दोऱ्यावरून जाते का?

नेहमीच नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. ते चार पंख्यांचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान होते आणि त्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटरांच्या आसपास होता. मुंबई-कैरो-जिनिव्हा-लंडन या तीन दोऱ्यांची बेरीज सुमारे ७,९०० किलोमीटर होते, म्हणजे एका दोऱ्यापेक्षा सातशे किलोमीटर जास्त. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि वेग एकदम ताशी नऊशे किलोमीटरांच्या घरात गेला. पुढे न थांबता जाणारी विमाने आल्यावर वळसा कमी झाला, पण तो पूर्ण गेला नाही.

कारण आकाशात डोंगर नसले, तरी देशांच्या सीमा आहेत. जमिनीवरच्या सीमा जशाच्या तशा वर चढतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपले आकाश बंद केले. त्याआधी २०१९ मध्येही ते काही महिने बंद होते. अशा वेळी दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला आधी दक्षिणेकडे येऊन अरबी समुद्रावरून वळावे लागते. दोऱ्याची लांबी तीच राहते, पण विमानाची वाट लांबते, इंधन जास्त जळते, आणि फार लांबच्या प्रवासात तर मध्ये कुठेतरी इंधनासाठी उतरावेही लागते.

आणखी एक बारीकशी गोष्ट. वेळापत्रकातला वेळ उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचा नसतो. उभ्या विमानाच्या चाकांना लावलेले अडसर काढल्यापासून दुसऱ्या विमानतळावर ते पुन्हा लावेपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे, वर चढणे, खाली उतरण्यासाठी घिरट्या घालणे, हे सारे त्यात येते. म्हणून ७,२०० ला ९०० ने भागून येणारे आठ तास वेळापत्रकात कधीच दिसत नाहीत. पण या साऱ्याने जाणेही वाढते आणि येणेही. आपला हरवलेला तास अजून सापडलेला नाही.

पृथ्वी खालून सरकते काय?

हा प्रश्न मांडला, की वर्गातून एक उत्तर हमखास येते. 'सर, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान वर असताना ती खालून सरकते, म्हणून फरक पडतो.' उत्तर ऐकायला ठीक वाटते. ते तपासून पाहू.

दापोड्याच्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग पूर्वेकडे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरत असतो. मिनिटाला २६ किलोमीटर झाले. पृथ्वी खालून सरकत असती, तर दापोड्याच्या मैदानावर हेलिकॉप्टर फक्त एक मिनिट हवेत तरंगत ठेवायचे आणि खाली उतरवायचे. तुम्ही गोराई-उत्तनच्या समुद्रकाठी! भाडे नाही, ठाण्याची गर्दी नाही. हेलिकॉप्टरही नको. कबड्डीतला गडी अर्धा सेकंद उडी मारून खाली आला, तर तो दोनशे मीटर पश्चिमेला पडायला हवा. असे होत नाही, हे सांगायला भौतिकीच्या प्राध्यापकाची गरज नाही.

होत नाही याचे कारण जडत्व. धावत्या एस. टी.मध्ये तुम्ही नाणे वर उडवले, तर ते तुमच्याच हातात पडते. कारण हातातून सुटतानाच त्याला गाडीचा वेग मिळालेला असतो. तसेच विमान, विमानातली माणसे आणि भोवतालची सगळी हवा पृथ्वीबरोबर आधीपासूनच फिरत असतात. धावपट्टी सोडली म्हणून तो वेग कोणी काढून घेत नाही.

आणि दुसरे म्हणजे, या उत्तराने फरक उलटाच पडायला हवा होता. पृथ्वी खालून पूर्वेकडे सरकली, तर लंडन आपणहून मुंबईच्या विमानाकडे यायला हवे आणि पश्चिमेकडचा प्रवास लवकर व्हायला हवा. प्रत्यक्षात पश्चिमेकडे जाताना वेळ अधिक लागतो. जे स्पष्टीकरण दिशाच चुकीची सांगते, ते कितीही सुटसुटीत असले तरी सोडून द्यावे.

वरच्या वाऱ्याची नदी

आता कशेळीच्या खाडीकडे या. ओहोटी लागलेली असताना होडी समुद्राच्या बाजूला वल्हवली, तर ती भराभर जाते. तीच होडी उलट आणायची, तर वल्हेकऱ्याचा घाम निघतो. होडीचा पाण्यातला वेग दोन्ही वेळा सारखाच, पण काठावरून पाहणाऱ्याला दोन वेगळे वेग दिसतात. विमान हवेत पोहते, असे समजा. त्याचा ताशी ९०० किलोमीटर वेग हवेच्या संदर्भातला असतो. हवाच जर सरकत असेल, तर जमिनीच्या संदर्भातला वेग वेगळा.

आपल्या माथ्यावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर ही हवा खरोखरच नदीसारखी वाहते. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे असा एक अरुंद, जोरदार प्रवाह असतो. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरही होतो, कधी त्याहून अधिक. याला जेट प्रवाह म्हणतात. पावसाळ्यात तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, आणि दक्षिण भारतावर त्याच्या उलट, पूर्वेकडून वाहणारा दुसरा जेट प्रवाह येतो. म्हणून प्रवासाचा वेळ ऋतूप्रमाणेही बदलतो.

या वाऱ्यांचा शोध जपानमध्ये लागला. वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावे म्हणून त्याने आपला अहवाल एस्परान्तो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला, आणि नेमका म्हणूनच तो फारसा कोणी वाचला नाही! पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या अखेरीस, अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने जपानवर उंचावरून उडू लागली, तेव्हा त्यांना या वाऱ्यांचा तडाखा बसला आणि साऱ्यांचे लक्ष तिकडे गेले.

हे वारे पश्चिमेकडूनच का येतात? इथे पृथ्वीचे फिरणे पुन्हा येते, पण आडवाटेने. विषुववृत्तावर जमीन आणि तिच्याबरोबरची हवा पूर्वेकडे ताशी १,६७० किलोमीटर वेगाने फिरते. ३० अंश अक्षांशावर जमिनीचा वेग सुमारे १,४५० किलोमीटरच आहे. उष्ण प्रदेशात वर चढलेली हवा ध्रुवाकडे सरकू लागली, की ती आपला पूर्वेकडचा जादा वेग बरोबर घेऊन येते आणि तिथल्या जमिनीच्या पुढे धावते. जमिनीवरून पाहणाऱ्याला तो पश्चिमेकडून आलेला वारा वाटतो. हे वर्णन फार ढोबळ आहे. खऱ्या हिशेबात उष्ण आणि थंड हवेतला दाबाचा फरकही धरावा लागतो. पण गंमत लक्षात आली ना? पृथ्वीच्या फिरण्याने पश्चिमेकडचा प्रवास सोपा होईल असे वाटत होते. तेच फिरणे वाऱ्यांच्या हातून पूर्वेकडच्या प्रवासाला मदत करते.

आता आकडे घालू. अंतर ७,२०० किलोमीटर, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि वाटभर पश्चिमेकडून येणारा वारा ताशी १००, असे समजा. लंडनला जाताना जमिनीवरचा वेग ८००, म्हणून वेळ ९ तास. येताना वेग १,०००, म्हणून वेळ ७.२ तास, म्हणजे ७ तास १२ मिनिटे. फरक तब्बल १ तास ४८ मिनिटांचा. प्रत्यक्षात वारा सगळ्या वाटेवर सारखा किंवा नेमका समोरून नसतो, म्हणून फरक तासाभराचा राहतो. हाच तो आपला हरवलेला तास.

पण थांबा, आणखी एक गोष्ट इथे आहे आणि ती मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटते. जाताना वाऱ्याने जेवढे लुटले तेवढे येताना परत केले, असे तुम्हांला वाटेल. बेरीज करा. वारा नसता तर ८ आणि ८ मिळून १६ तास. वारा असताना ९ आणि ७.२ मिळून १६.२ तास. बारा मिनिटे कमी पडली! वारा ताशी ३०० असता, तर १२ तास आणि ६ तास, मिळून १८. वारा जितका जोराचा, तितका जाऊन-येऊन तोटा अधिक. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ सापडते आणि मदतीच्या वाऱ्यात कमी वेळ राहते. वेगांची सरासरी ९०० च राहते, पण वेळेचा हिशेब वेगांच्या सरासरीने होत नाही. तसा तो करणारे विद्यार्थी दर वर्षी परीक्षेत भेटतात.

लांबची वाट, कमी वेळ

हे सारे कागदावरचे नाही, याचे एक उत्तम उदाहरण आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे चौदाशे किलोमीटर लांब. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचले, नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी. भागाकार करून पाहा. जमिनीवरचा सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरांच्या वर निघतो. एवढा वेग विमानाच्या इंजिनांचा नाही. जादा दीडशे किलोमीटर वाऱ्याचे.

या दोन शहरांमधला दोरा सुमारे १२,४०० किलोमीटरांचा आहे आणि तो उत्तर ध्रुवाच्या बराच जवळून जातो. त्या बाजूची वाट मुद्दाम धरल्याचेही उदाहरण आहे. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणले, ते उत्तर ध्रुवावरून. वैमानिकाला आणि त्याला वाट आखून देणाऱ्यांना रोज दोन गोष्टी तोलाव्या लागतात : कमी किलोमीटर की चांगला वारा? उत्तर रोज बदलू शकते. त्यावर काही टन इंधन आणि शेवटी तुमच्या तिकिटाचे पैसे अवलंबून असतात.

वेळ आणि अंतराचा हिशेब केवळ पैशांचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १५ किलोमीटर. आपण कुठे आहोत याच्या अंदाजात एका मिनिटाची चूक झाली, तर ठाणे ओलांडले की नाही, असा घोटाळा होतो. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा, लंडनमार्गे न्यू यॉर्कला जाणारे एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरण्यापूर्वी माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. त्यात ११७ जण मरण पावले. डॉ. होमी भाभा त्यांतच होते. अधिकृत चौकशीत असे दिसले, की दिशा दाखवणाऱ्या रेडिओ उपकरणांपैकी एक बैरूतहून निघतानाच नादुरुस्त होते. वैमानिकाने पर्वताच्या संदर्भात आपली जागा चुकीची ठरवली. जमिनीवरच्या रडार नियंत्रकाला ती चूक दिसली आणि त्याने संदेशही पाठवला, पण त्याचे शब्द पुरेसे नेमके नव्हते. पर्वताची धार मागे पडली असे समजून विमान खाली उतरत राहिले. आज उपग्रहांच्या साहाय्याने विमानाला आपली जागा काही मीटरांपर्यंत कळते. त्या काळी वेग, वारा, दिशा आणि घड्याळ यांवरून हिशेब करीत जावे लागे, आणि अधूनमधून रेडिओ खुणांनी तो पडताळावा लागे.

घड्याळाचे कोडे

आता एक वेळापत्रक देतो. ते मी मनाने रचले आहे, पण खऱ्याशी जुळते. हिवाळ्यात विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघते आणि लंडनच्या घड्याळाप्रमाणे त्याच दिवशी सायंकाळी ६.३० वाजता पोचते. परतताना लंडनहून सकाळी १० वाजता निघते आणि मुंबईच्या घड्याळाप्रमाणे रात्री १२.३० वाजता पोचते. वरवर पाहता जायला साडेचार तास, यायला साडेचौदा!

समजा, लंडन आणि मुंबईच्या घड्याळांत किती फरक आहे, हे तुम्हांला ठाऊक नाही. फक्त या चार वेळा दिल्या आहेत. हुशार विद्यार्थी म्हणेल, की घड्याळांच्या फरकाने जाताना जेवढा वेळ कमी दिसला, तेवढाच येताना जास्त दिसला. म्हणून दोन्हींची बेरीज केली की तो फरक उडून जाईल. ४.५ आणि १४.५ मिळून १९ तास. हा जाण्या-येण्याचा खरा एकूण वेळ. इथपर्यंत त्याचे अगदी बरोबर आहे. पुढे तो म्हणेल, की एका बाजूला साडेनऊ तास, आणि घड्याळांतला फरक १४.५ वजा ४.५ चा निम्मा, म्हणजे ५ तास.

पण भारताची प्रमाण वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. हा अर्धा तास कुठून आला? वाऱ्यातून. जाताना खरा वेळ ४.५ अधिक ५.५, म्हणजे १० तास. येताना १४.५ वजा ५.५, म्हणजे ९ तास. त्याने दोन्ही प्रवास सारखे धरले, पण ते सारखे नाहीत, आणि त्यांतल्या फरकाचा निम्मा भाग घड्याळाच्या फरकात जाऊन लपला. चार वेळांवरून दोनच समीकरणे मिळतात आणि अज्ञात तीन आहेत : जाण्याचा वेळ, येण्याचा वेळ आणि घड्याळांतला फरक. तिसरी माहिती बाहेरून आणल्याशिवाय कोडे सुटत नाही. उन्हाळ्यात हेच गणित करताना सावध राहा. ब्रिटनमध्ये तेव्हा घड्याळे एक तास पुढे करतात आणि फरक साडेचार तासांचाच उरतो.

जाता जाता : प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि दापोडे सुमारे ७३ अंशांवर. प्रत्येक अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने दापोड्याचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३८ मिनिटे मागे आहे. मुंबईत पूर्वी याच हिशेबाची, प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागची 'बॉम्बे टाइम' चालत असे. ती जर आज असती, तर वरचे वेळापत्रक कसे दिसले असते, ते मांडून पाहा.

आणि आणखी एक उदाहरण, जरा अवघड. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या साडेबारा तास मागे असते. दिल्लीहून रविवारी पहाटे २.३० वाजता विमान निघाले आणि पॅसिफिकवरून साडेचौदा तासांत पोचले. तिथे तेव्हा कोणता वार आणि किती वाजलेले? तेच विमान अटलांटिकवरून साडेसोळा तासांत गेले असते तर? पॅसिफिकवरची वाट आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडते आणि अटलांटिकवरची ओलांडत नाही, तरीही वार दोन्हीकडे एकच येतो. प्रत्येक वाटेवर एकेक तासाचा पट्टा मोजत जा, म्हणजे का ते कळेल.